झोपायला आणलेली माणसं

"आला बघा आपला अर्धा कोयता."

मोठे सर असं म्हणाले आणि अख्खा वॉर्ड हसला. सिस्टर हसल्या. सर्जरीचे दोन रेसिडेंट हसले. सलाईन लावलेला एक म्हातारा काही न कळताही हसला, कारण डॉक्टर हसले की पेशंटनं हसायचं असतं. मी दारात उभी. अंगात ॲप्रन, गळ्यात स्टेथोस्कोप, आणि तोंडावर ते हसू, जे आमच्या लोकांना मालकापुढं आपोआप येतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या बीड जिल्ह्यातली माणसं दिवाळी झाली की ऊस तोडायला जातात. नवरा-बायको जोडीनं जातात. त्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. माणसाला माणूस म्हणत नाहीत, हत्याराच्या नावानं मोजतात. एकटी बाई गेली तर ती अर्धा कोयता. माझा बाप फडात ट्रॉली उलटून मेला. त्यानंतर माय कित्येक हंगाम अर्धा कोयता म्हणून गेली. अर्ध्या कोयत्याला टोळीत मान नसतो, पाण्याला मागं, सरपणाला मागं, शिव्या खायला मात्र पुढं. मोठ्या सरांना हे सगळं माहीत होतं. मी या दवाखान्यात रुजू झाले त्या दिवशी त्यांनी "घरी कोण काय करतं?" असं विचारलं होतं आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

"फॅमिली मेडिसिन म्हणजे तरी काय?" सर पुढं म्हणाले. "थोडा फिजिशियन, थोडा सर्जन, थोडी दाई. कशातच पुरं नाही. आणि ही तर घरूनच अर्धी आलीय."

परत हशा.

त्या दिवसापासून मी त्या दवाखान्यात 'कोयता मॅडम' झाले. वॉर्डबॉय फोनवर तसंच म्हणायचा. तोंडावर 'मॅडम' म्हणायचा, फोनवर 'कोयता'.

दवाखाना एका संस्थेचा. संस्था इथल्या एका पुढाऱ्याची. पुढाऱ्याचा साखर कारखान्यात शब्द चालतो, आणि मोठे सर त्या पुढाऱ्याचे जावई. मेडिसिनचे प्रमुखही तेच, आमच्या कोर्सचे प्रमुखही तेच, माझ्या थिसिसचे गाईडही तेच. दोर कुणाच्या हातात होता हे वेगळं सांगायला नको.

मी एमबीबीएस सरकारी कॉलेजातून झाले. धारूरच्या घाटाखाली आमची वस्ती आहे, गावापासून तुटलेली. त्या वस्तीतली मी पहिली डॉक्टर. एमबीबीएस झाल्यावर सगळे म्हणाले, पुढं स्किन घे, एक्स-रेचं घे, सुखानं जग. मला फॅमिली मेडिसिनच पाहिजे होतं. घरातल्या लहान पोरापासून म्हातारीपर्यंत सगळ्यांना बघणारा, घर ओळखणारा डॉक्टर. आमच्या लोकांच्या वाट्याला असा डॉक्टर कधी आलाच नाही. फडात ताप आला की ट्रॅक्टरवाला वाटेतल्या कुठल्याही दवाखान्यात उतरवायचा. सुई टोचायची, निघायचं. परत तो डॉक्टर या जन्मी दिसायचा नाही. बाईनं अंगावरून जातं म्हणून सांगितलं की गर्भाची पिशवी काढून टाकायची. माझ्या वस्तीत पिशवी काढलेल्या बाया घरोघर आहेत, माझ्या चुलत्या, माझ्या शाळेतल्या मैत्रिणी. त्यांना कुणी विचारलं नाही की बाई, तू रोज किती ओझं उचलतेस, खातेस काय, संडासला जातेस कुठं. मला ते विचारणारी डॉक्टर व्हायचं होतं. भाबडी होते. आता तो शब्द वापरायला लाज वाटत नाही.

कोर्स तीन वर्षांचा. कागदावर लई देखणा. मेडिसिनमध्ये इतके महिने, बाळंतपणाच्या वॉर्डात इतके, लहान मुलांत इतके, खेड्यावरच्या दवाखान्यात इतके. प्रत्यक्षात काय? आम्ही प्रत्येक विभागात पाहुणे. सर्जरीवाले म्हणायचे, तू काय सर्जन होणार नाहीस, तू पाय धर. बाळंतपणाच्या वॉर्डात म्हणायचे, तू केसपेपर लिही. मेडिसिनच्या राउंडला मोठे सर आपल्या विद्यार्थ्यांना हृदयाचा आवाज ऐकवायचे, आणि मी कान पुढं केला की म्हणायचे, "तुला काय करायचंय? तू पाठवून दे आमच्याकडं." आमचा विभाग कुठं, आमचे शिक्षक कोण, हे मी पहिल्या महिन्यात विचारलं. क्लार्क म्हणाला, "मॅडम, तुमचा विभाग म्हणजे कॅज्युअल्टी." म्हणजे जिथं डॉक्टर कमी पडतो तिथं आम्ही. परळीकडून वीज केंद्राच्या राखेचा खोकला घेऊन माणसं यायची, विंचू चावलेली यायची, विष प्यालेली यायची. मी आणि माझ्यासोबतचा लातूरचा एक मुलगा, असे आम्ही दोघं ते सगळं ओढायचो. चुकत-माकत शिकलो. कुणी शिकवलं म्हणून नाही, माणूस समोर मरायला लागला म्हणून.

मग कळलं की पाहणी येणार आहे. ज्या वरच्या संस्थेकडून कोर्सला मान्यता मिळते, तिचे डॉक्टर येऊन बघणार की इथं खरंच शिकवतात का, शिक्षक आहेत का, पेशंट आहेत का. मान्यतेची मुदत संपत आली होती. मान्यता गेली की नवीन रेसिडेंट मिळणार नाहीत, आणि रेसिडेंट नसले की कॅज्युअल्टी कोण ओढणार?

मला आनंद झाला. खरं सांगते. मला वाटलं, आता कुणीतरी येऊन विचारेल.

दवाखान्याला रंग लागला. स्टोअर रूममधले जुने पंखे, मोडक्या खुर्च्या गच्चीवर गेल्या आणि त्या दारावर पितळी पाटी लागली: फॅमिली मेडिसिन विभाग. आत टेबल, पाण्याचा जग, भिंतीवर मानवी शरीराचा तक्ता. मी त्या खोलीत उभी राहिले तर अजून उंदरांचा वास येत होता. आमचे म्हणून जे शिक्षक होते ते पहिल्यांदा दिसले. एक जण तर मलाच विचारत होते, "इथला बाथरूम कुठंय?"

खाटांचा प्रश्न होता. खाटा भरलेल्या दिसल्या पाहिजेत. पण पावसाळा सरत आला की आमच्याकडं लोक दवाखान्यात येत नाहीत, सोयाबीन काढायचं असतं. मोठ्या सरांना त्याची चिंता नव्हती. सासऱ्याच्या सभेला माणसं कशी जमतात ते त्यांना माहीत होतं. ऊसतोडीच्या टोळ्या जमवणाऱ्या मुकादमाला सांगितलं की तो वस्तीवर ट्रॅक्टर लावतो, माणसं चढतात. सभेला बसायचं असतं, इथं झोपायचं. एवढाच फरक. मुकादमाला कुणी नाही म्हणत नाही, दिवाळीनंतर त्याच्याच टोळीत जायचं असतं.

पाहणीच्या आदल्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"उद्या केस तू सांगायची," ते म्हणाले. "लातूरवाला घाबरट आहे. तू बोलतेस चांगली. आणि तुझी माणसं आहेत, तुझ्याशी नीट वागतील."

तुझी माणसं.

त्यांनी छापील केस पुढं सरकवली. चाळिशीतली बाई. मधुमेह, रक्तदाब. नवरा दारुडा, मुलं शाळा सोडलेली, सासू अंथरुणाला खिळलेली, घरात अंधश्रद्धा. आम्ही डॉक्टरांनी घरी जाऊन समुपदेशन केलं, नवऱ्याची दारू सुटली, बाईची साखर आटोक्यात आली.

"सर, ही पेशंट कोण आहे?"

"कुणीही असेल. कोपऱ्यातल्या खाटेवर जी असेल ती." सर हसले. "फॅमिली मेडिसिनला फॅमिली लागते ना? दिली बघ तुला फॅमिली. पाठ कर. तुझा थिसिस माझ्या टेबलावरच आहे, उद्या झालं की सही करून टाकतो."

त्या सहीशिवाय परीक्षेला बसता येत नाही. मी केस पाठ केली. दारुडा नवरा, अडाणी सासू, सगळं पाठ केलं. आमच्या घरांबद्दल त्यांना काय वाटतं ते सगळं त्या एका पानात होतं.

सकाळी वॉर्डात गेले. सगळ्या खाटा भरलेल्या. बायांना साडीवरूनच हिरवे गाऊन घातले होते. पुरुष एकीकडं, बाया एकीकडं. काही जणी बसून गप्पा मारत होत्या. सिस्टर ओरडली की आडव्या व्हायच्या, सिस्टर गेली की परत उठून बसायच्या. एकीनं पानाची चंची काढली होती. खाटेखाली चपला जोडीनं लावलेल्या. मी ओळीनं बघत कोपऱ्यापर्यंत गेले.

कोपऱ्यातल्या खाटेवर माझी माय होती.

गाऊनवरून पदर घेतलेला. मला बघितलं आणि उठून बसली. माझ्या ॲप्रनकडं बघत राहिली. तिनं मला ॲप्रनमध्ये कधी बघितलंच नव्हतं. मी घरी जायचे ते सणाला, साध्या कपड्यात.

"माय, तू इथं कावून?" मी खाली वाकून विचारलं. माझ्या तोंडून घरचीच बोली आली.

"मुकादम आलता काल सांजच्याला," ती हळूच म्हणाली. "म्हनला, एक दिस दवाखान्यात झोपायचं, जेवन भेटतं, सांच्याला आनून सोडतो. कोन्चा दवाखाना म्हनलं तर तुजाच निगाला. मंग म्या पैली चढले ट्रॅक्टरात."

"मला फोन का नाही केलास?"

"कशाला करायचा? येतच हुते की. तुला बगायचं हुतं गं, डाक्टर झाल्यावर कशी दिसती." तिनं माझ्या ॲप्रनची कड बोटांत धरली. "मुकादम म्हनला, आज परीक्षा हाय तुमची. खाटा भरल्या तर पास. लई मानसं आनली बग म्या, शेवंताला आनलं, तिच्या जावेला आनलं."

ती माझ्या परीक्षेला माणसं घेऊन आली होती. तिला वाटलं, पोरीला हातभार लावतेय.

खाटेच्या पायथ्याशी फाईल लटकत होती. त्यावर तिचं नाव नव्हतं. भलतंच नाव.

"माय, हिथं तुझं नाव दुसरंच लिहिलंय."

"आसू दी. नाव काय आंगाला चिकटतंय का?"

"आणि तुझा नवरा दारू पितो असं लिहिलंय."

आता मात्र तिचा चेहरा उतरला. माझ्या बापानं आयुष्यात थेंबाला हात लावला नव्हता. तेवढी एकच गोष्ट तिच्यापाशी होती मिरवायला. तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "मेलेल्या मानसाला काय फरक पडतो? तू वाच. पास हो."

मी सिस्टरला म्हणाले, या बाईंना दुसऱ्या खाटेवर हलवू. सिस्टर म्हणाली, सगळं सरांनी बघून लावलंय, हलवायचं नाही. तेवढ्यात दाराशी गडबड झाली. पाहणी आली.

पाहणीला आलेले डॉक्टर वयस्कर, सौम्य दिसणारे, चष्मा कपाळावर ढकललेला. दुसऱ्या राज्यातले असावेत, मराठी मोडकी बोलत होते. मोठे सर त्यांच्या शेजारी. मागं सगळा ताफा. वॉर्ड चिडीचूप झाला. सगळ्या बाया आडव्या. पानवालीनं चंची उशीखाली सारली.

"ये हमारी फॅमिली मेडिसिन की रेसिडेंट," सर म्हणाले. "बहुत बढिया लडकी. गाव की है. केस सुनिए."

मी खाटेशी उभी राहिले. तोंड उघडलं. पाठ केलेलं सुरू झालं. चाळिशीतली बाई, अमुक वर्षांपासून मधुमेह. बोलता बोलता माझा हात सवयीनं तिच्या मनगटावर गेला. केस सांगताना नाडी धरायची, ही सवय मला कॅज्युअल्टीनं लावली होती.

नाडी लयीत नव्हती.

एक ठोका, लगेच दुसरा, मग कितीतरी वेळ काहीच नाही, मग घाईघाईनं दोन-तीन. मी बोलायची थांबले. परत धरली. तेच. मी तिच्या मानेकडं बघितलं, शीर उडत होती. पायाकडं बघितलं, घोट्याशी सूज होती. बोटानं दाबलं तर खड्डा राहिला. आणि मग मला एकदम कळलं की ती गेली काही वर्षं उशाला दोन-दोन गोधड्या घेऊन का झोपते; सपाट पडलं की तिला दम लागत असणार. दिवाळीला घरी गेले की मी त्यावर तिची चेष्टा करायचे.

मी स्टेथोस्कोप कानाला लावला.

मोठे सर माझ्या कानाशी आले. हसरा चेहरा तसाच ठेवून, दातांतून बोलले.

"तपासायला नाही आणलं यांना. झोपायला आणलंय. केस सांग."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहितेय. एक शब्द माझा नाही.

स्टेथोस्कोप तिच्या छातीवर होता. त्या गाऊनखाली, त्या साडीखाली, तिचं हृदय वेडंवाकडं धडधडत होतं. अख्ख्या वॉर्डात इतकी माणसं आडवी पडली होती, आणि सकाळपासून त्यांतल्या एकाचीही नाडी कुणी धरली नव्हती. दवाखाना होता. डॉक्टरांचा ताफा होता. माणसं खरी होती. फक्त त्यांना बघायचं नव्हतं. आणि त्याच क्षणी दुसरं कळलं. मीही तशीच होते. मला इथं शिकवायला कुणी आणलंच नव्हतं. रेसिडेंटची जागा भरलेली दिसावी म्हणून आणलं होतं. माय खाटेवर आडवी होती, मी ॲप्रन घालून उभी होते, एवढंच.

मी स्टेथोस्कोप काढला आणि मोठ्यानं बोलले. आवाज फाटला, पण बोलले.

"सर, ही केस खोटी आहे. या बाईंचं नाव हे नाही. यांना मधुमेह आहे की नाही हे कुणालाच माहीत नाही, कारण यांना कुणी तपासलेलंच नाही. या सगळ्यांना ट्रॅक्टरनं झोपायला आणलंय. ही माझी आई आहे. हिची नाडी बिघडलीय. हिच्या हृदयाला काहीतरी झालंय. आधी हिला तपासा."

पाहणीवाल्या डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. माझ्याकडं बघितलं, मग मायकडं. आमच्या दोघींचं नाक एक, कपाळ एक. शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

ते खाली वाकले. मोडक्या मराठीत, मऊ आवाजात विचारलं, "आई, ही मुलगी तुमची आहे?"

मायनं माझ्याकडं बघितलं नाही. मोठ्या सरांकडं बघितलं. आयुष्यभर मुकादमाचा, मालकाचा, फौजदाराचा चेहरा वाचत आलेली बाई ती. तिला एका नजरेत सगळं समजलं. माझं काय होणार ते माझ्याआधी तिला समजलं.

"न्हाई सायेब," ती म्हणाली. "म्या वळकत न्हाई ह्या बाईंला. मला साकरंची बिमारी हाय."

मग आपणहून:

"नवरा दारू पितोय."

पाहणीवाले डॉक्टर सरळ झाले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थक गई हो बेटा," म्हणाले. "थोडा आराम करो." आणि पुढच्या खाटेकडं वळले. त्यांचा राग मला अजून येत नाही, आणि यायला पाहिजे होता. त्यांना खरं कळलं नव्हतं असं मला वाटत नाही. माणसाला निघायचं असतं. पुढं दुसरी गावं, दुसरे दवाखाने.

दुपारी सगळ्यांना पुरी-भाजी मिळाली. बाया खुश होत्या. मी मायला ओढत खालच्या मजल्यावर नेलं. तिथं हृदयाचा फोटो काढायचं नवं कोरं मशीन मांडलेलं होतं, पाहणीसाठी बाहेरून आणलेलं. मशीनसोबत आलेला माणूस वायरी गुंडाळत होता. मी म्हटलं, पाच मिनिटं दे, मी स्वतः बघते. तो म्हणाला, "मॅडम, नुसतं मांडायला सांगितलंय. चालू करायचं न्हाई."

ट्रॅक्टर हॉर्न देत होता. माय पायऱ्या उतरली, मधेच दम लागून थांबली. मी म्हटलं, माय, का गं? का ओळखत नाही म्हणालीस?

"तुजा कागुद आडकला आसता," ती म्हणाली. "मला काय? म्या आजच मरती का?"

दुसऱ्या दिवशी मी न विचारता रजा घेतली आणि तिला अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं नीट बघितलं. हृदयाची झडप अरुंद झालीय, फार जुनं दुखणं. लहानपणी घसा सुजून ताप येतो, सांधे धरतात, आणि मग झडपेवर बसतं ते. वेळेवर कळलं असतं तर साधी इंजेक्शनं होती. तिच्या लहानपणी कुणी बघितलं नाही. फडात उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना दम लागायचा तेव्हा कुणी बघितलं नाही. अशक्तपणा म्हणून सलाईन लावायचे. डॉक्टरनं विचारलं, "घरात कुणी शिकलेलं नाही का?" माय पटकन म्हणाली, "न्हाई." आदल्या दिवसापासून तिला सवयच लागली होती मला नाकारायची. मी शेजारी उभी होते, साध्या ड्रेसमध्ये.

मान्यता मिळाली. मिळणारच होती. पितळी पाटी आठवडाभर राहिली, मग पंखे आणि खुर्च्या गच्चीवरून परत खोलीत आल्या. यंदा जागा वाढवून मिळाल्या असं ऐकते.

सरांनी मला काही शिव्या दिल्या नाहीत. तसली माणसं शिव्या देत नाहीत. फक्त थिसिस टेबलावरून कपाटात गेला. परीक्षेचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा मी केबिनबाहेर उभी राहिले. आत बोलावलं. म्हणाले, "एक साधं पत्र दे. मानसिक ताणामुळे मी भलतंसलतं बोलले, त्या बाई माझ्या कुणी नव्हत्या, क्षमा असावी. एवढंच. मी मोठ्या मनाचा माणूस आहे."

मी म्हटलं, विचार करते.

लातूरवाला म्हणाला, देऊन टाक ना, एका कागदानं काय होतंय, आयुष्य पडलंय पुढं. त्यानं स्वतः दुसऱ्या वॉर्डात केस सांगितली होती, त्याचा थिसिस सुटला. तो वाईट मुलगा नाही. त्याच्या घरी बहिणीचं लग्न आहे.

वस्तीवर गेले तर तिथंही तेच. शेवंतामावशी म्हणाली, आमी जेवलो, आलो, कुनाचं काय गेलं? मी त्यांना सांगायला गेले की पुन्हा मुकादम आला तर जाऊ नका, आणि गेलात तर हात पुढं करून म्हणा, आदी तपासा. सगळ्या माझ्याकडं बघत राहिल्या. एक जण म्हणाली, "आन मंग टोळीत कोन घेईल आमाला?"

माय आता गोळ्यांवर आहे. ऑपरेशन करायला पाहिजे म्हणतात, मोठ्या शहरात, नंबर लागला की. नंबर लागत नाही. ती अंगणात बसून राहते. तिला सगळ्यात जास्त दुःख कशाचं आहे? दुखण्याचं नाही. मी पत्र देत नाही याचं.

"म्या भर वार्डात तुला वळकत न्हाई म्हनले," ती म्हणते. "पोटच्या पोरीला. त्या सायबाफुडं तुज्या बापाला दारुडा म्हनले. कावून म्हनले? तुजा कागुद व्हावा म्हनून ना? आन आता तूच मातीत घालतीस."

ती बोलते तेव्हा मी मान खाली घालते. कारण ती खोटं बोलत नाही. माझ्या हट्टानं तिचं ते वाक्य वाया गेलं. तिनं सगळं दिलं आणि मी घेतलं नाही.

पण मी पत्र देणार नाही.

या वर्षीची परीक्षा गेली. पुढच्या वर्षीची पण जाईल. मला स्वतःला फसवून घ्यायचं नाही, इथं काही बदलणार नाही. सर तिथंच राहतील, मुकादम ट्रॅक्टर लावेल, बाया चढतील, मान्यता मिळत राहील. मी कॅज्युअल्टीत आहे, काढून टाकत नाहीत कारण काम करायला माणूस नाही. जो येतो त्याची नाडी धरते. पहिल्या वर्षाला नवीन मुलं आली की त्यांना सगळं सांगते, नाव घेऊन सांगते. ती ऐकतात आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याजवळ बसायचं टाळतात. टाळू दे.

ज्या माणसाला तपासलं नाही त्याचा आजार मी वाचून दाखवणार नाही. तेवढ्यासाठी पदवी गेली तर गेली. पुढची पाहणी येईल तेव्हा मला वॉर्डात येऊ देणार नाहीत, मी फाटकात उभी राहीन. गाडी अडवीन. सगळं पुन्हा सांगीन, पहिल्यापासून. तेव्हा माय जिवंत असेल आणि तिला समोर आणून विचारलं, आणि ती पुन्हा न्हाई म्हणाली, तरी मी तिच्यासमोरच म्हणेन, ही माझी आई आहे.